आम्ही आजारी नाही

प्रिय शिवलीला,

तुझं कार्ड येऊन बारा दिवस झाले. बाळाचा बाप्तिस्मा पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी, आणि तोही नगरला सासरी नाही, इथे सोलापुरात, सात रस्त्याजवळच्या तुमच्या चर्चमध्ये. खाली तुझ्या अक्षरात, ‘आलात तर बरं वाटेल.’ चार वर्षांपूर्वी तू तिथेच बाप्तिस्मा घेऊन लग्न केलंस, तेव्हा या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस, असं मीच तुला म्हणालो होतो. आता आम्ही यावं की नाही, हा पेच तू माझ्याच गळ्यात घातलास. कार्डावर नाव मात्र शिवलीलाच आहे. मला वाटलं होतं, एव्हाना बदललं असेल.

माझी खोड तुला ठाऊक आहे. ज्वारीचं पोतं आलं की दाणा दाताखाली धरल्याशिवाय मी ते दुकानात उतरवून घेत नाही. म्हणून गेल्या रविवारी तुझ्या अव्वाला ‘केस कापून येतो’ असं सांगितलं आणि थेट तुमचं चर्च गाठलं. देवाकडे रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून वाटेत नारळ घेतला. आत गेल्यावर कळलं की इथे तो मागणारं कुणीच नाही. दीड तास नारळ मांडीवर घेऊन शेवटच्या बाकावर बसलो. पेटी-तबल्यावर गाणी झाली, ती चक्क भजनाच्या चालीची. मग लोक रांगेने पुढे निघाले, तसा प्रसाद समजून मीही उठलो. शेजारच्या म्हातारीने, कस्तुराबाई तिचं नाव, हाताला धरून खाली बसवलं. म्हणाली, “ते बाप्तिस्मा झालेल्यांसाठी हाय. तुमी बसा निवांत, कोन उठवत न्हाय.” मला राग यायला हवा होता, पण आला नाही.

शेवटी समोर उपासना चालवणारे पाळक एक यादी वाचू लागले. ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची, त्यांची नावं. पाच-सहा नावं झाली आणि ऐकू आलं, गुरुबसप्पा आणि कमलम्मा. म्हणजे मी आणि तुझी अव्वा. खात्री करायला कस्तुराबाईंनाच विचारलं, ही दोघं कोण. त्या म्हणाल्या, “चार वर्सं झाली, दर रविवारी वाचत्यात. लेक फोन करून सांगती. लई दिवसांची आजारी दिसत्यात बिचारी.” बरी आहेत आता, एवढंच मी म्हणालो.

घरी आलो तो केस तसेच आणि हातात न फोडलेला नारळ. अव्वाने एकदा डोक्याकडे पाहिलं, एकदा नारळाकडे. मग सगळं सांगावंच लागलं. ती देवघरात गेली. तिथलं एक तुला ठाऊक नाही. जाताना तू गळ्यातून काढून ठेवून गेलीस ते तुझं इष्टलिंग अजून त्याच चांदीच्या डबीत आहे. रोज सकाळी स्वतःच्या लिंगाची पूजा झाली की ती तुझ्याही लिंगाची करते. मी एकदा हटकलं, तर म्हणाली, “लेकीचं हाय की. बिनपूजेचं कसं ठिवू?” त्या दिवशी तिथल्याच फडताळातून तिने बाळाच्या डोक्यावर घालायची एक कुंची काढली, तिच्या लग्नातल्या डाळिंबी इरकली साडीची. बाळाची बातमी तुझ्या मावशीकडून कळली तेव्हाच शिवून ठेवली होती. म्हणजे या घरात चोरून उद्योग करणारा मी एकटा नव्हतो.

आम्ही येतोय. पण पत्र लिहितोय ते वेगळंच विचारायला. त्या दिवशी बाळाला पांढरं घालतात, असं कस्तुराबाई म्हणाल्या. दोन दिवस अव्वाचा एकच घोर, डाळिंबी कुंची चालेल का. ते तूच सांग. चार वर्षांपूर्वीचं माझं बोलणं चुकलं, तेही इथेच लिहून टाकतो, समोर उभं राहून जमायचं नाही. डबीबद्दल तिला काही विचारू नकोस, तिची पूजा चालूच राहील. आणि आम्ही आजारी नाही, हे पाळकांना कळव. तरी यादीतली नावं मात्र काढू नकोस.

तुझाच,
अप्पा