होळीला न आलेलं गलबत

डोंगरकड्याजवळचा तांडा,
ता. १८ मे १९७४

ती. वसरामदादास,
धाकटा हरिचंद पायांवर डोकं ठेवतो.

वेरावळ बंदरातून तू धाडलेलं पत्र मिळालं. तू जिवंत आहेस हे कळल्यावर याडीनं ‘माझं लेकरू’ म्हणत ते छातीशी धरलं आणि साऱ्या तांड्याला गूळ वाटला. ज्वारी बरी झाली. ढवळ्या बैल थकला आहे. मी होतो तसाच, कामाला मागं आणि बोलण्यात पुढं.

रूपावहिनी कशी आहे, हे तू पत्रात तीनदा विचारलंस.

सांगतो. तू होळीला येतो म्हणून गलबतावर कामाला गेलास. ती होळी गेली, पुढचीही गेली. शंकरसिंग नाईकांनी तांडा जमवला. म्हणाले, “आपले आजे मिठासाठी बैल घिऊन समुद्रापातूर जायचे. होळीला येतो म्हनले की होळीला तांड्यात हजर. वसरामच्या दोन होळ्या गेल्या. कोनाला काई ठाऊक असंल तर आताच बोला.”

कुणी बोललं नाही. तुझे दिवस घातले, वहिनीच्या दंडावरचा चुडा उतरवला. मग रीतीप्रमाणे धाकट्या दिरानं तिला नवा चुडा भरून तिच्याशी संसार मांडला. धाकटा दीर म्हणजे मीच.

दादा, मला ठाऊक होतं. निघताना बाजारात चहा पिताना तूच सांगितलं होतंस, शिडाचं गलबत वाऱ्याचं ताबेदार. वारा पडला की भर समुद्रात उभं, उलटा फिरला तर कुठं नेऊन टाकील त्याचा नेम नाही. उशीर झाला तर घाबरू नका, हे घरी सांगायला तू मलाच बजावलंस. आधी मी विसरलो. नाईकांनी विचारलं तेव्हा मात्र चांगलं आठवत होतं. ती मला आवडायची. लिहितानाही मान वर होत नाही.

तुझं पत्र मीच वाचून दाखवलं. वाऱ्यानं बेटावर नेलं, तिथं टपाल नाही, एक मोसम हुकला, पुढचा वारा फिरेपर्यंत अडकलो, इथवर आलो तेव्हा वहिनीनं विचारलं, “तुमाला ठाऊक व्हतं?”

मी व्हय म्हणालो.

तिनं माझा चुडा उतरवून उंबऱ्यावर ठेवला. याडीनं तुझा जुना चुडा पुढं केला, तोही घेतला नाही. “त्यांना समदं लिव्हा,” म्हणाली. “दोघं माझ्यासमोर उभे राहा. मंग मी ठरवन.”

तेव्हापासून तिचे दंड मोकळे आहेत. तू ये. मारायचं तर मार, मी हात वर करणार नाही. यावेळी मात्र आगगाडीनं ये, वाऱ्याच्या भरवशावर राहू नकोस.

नाईकांनी विचारलं तेव्हा गप्प बसलेला,
तुझा हरिचंद