चाळीस नंबरचं झाकण

२३ जानेवारी १९६१, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या अधिकाऱ्यांना ही सवय असते, मला आधीपासून असलेली बरी.

इथल्या टेलिफोन एक्सचेंजचा चार्ज घेऊन दोन महिने झाले. पन्नास भोकांचा बोर्ड, एक ऑपरेटर, एक लाइनमन आणि वर सुपरवायझर मी. शिस्त नावाला नाही. गावात कोणी नंबर सांगतच नाही. रिसीव्हर उचलतात आणि म्हणतात, नियाजभाई, जानराव पाटलाले लावा. नियाजभाई लावतात. वर सांगतात की पाटील आता मळ्यात असतील, चारनंतर लावतो, तोवर जेवून घ्या. याला काय टेलिफोन खातं म्हणायचं?

सुदैवाने वरून सर्क्युलर आलं आहे. सगळे नंबर नव्या पद्धतीने. आधी बाहेरगावची ट्रंक, मग सरकारी, मग दवाखाना, शेवटी व्यापारी. अंमल रविवार २९ पासून. शनिवारी, ४ तारखेला, अकोल्याहून डिव्हिजनल साहेब इन्स्पेक्शनला येणार. मी पर्मनंट होणं त्यांच्या एका सहीवर आहे.

शकुन अमरावतीला माहेरी. नववा महिना भरत आला. सासऱ्यांनी ठरवलंय की बातमी तारेने द्यायची नाही, ट्रंक कॉलने द्यायची. जावई टेलिफोनात असल्याचा तेवढा तरी फायदा, म्हणाले आणि हसले. मीही हसलो.

मागची बातमी टेलिफोनवरच आली होती. दोन वर्षं होतील. मुलगा दोन दिवस होता. त्याबद्दल इथे लिहिणार नाही.

२६ जानेवारी, गुरुवार
झेंडावंदन झालं. नंतर नियाजभाईंना बोलावून सर्क्युलर वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, साहेब, नंबर बदला, नाव बदला, पन तारांले हात नका लावू. इतक्या वर्षांत कोन्ती तार कोन्त्या भोकात हाये ते मलेच मालूम.

मलेच मालूम! हाच तर रोग आहे. बोर्ड नियमावर चालला पाहिजे, एका माणसाच्या डोक्यावर नाही. त्यांना आठ दिवसांची सक्तीची रजा दिली. तेल्हाऱ्याला लेक आहे, आमिना, तिच्याकडे जातो म्हणाले. जाताना बोर्डावरून फडका फिरवला. मला ते नाटकी वाटलं.

२९ जानेवारी, रविवार. दुपारी ४
झालं! सकाळी सहाला सुरू केलं, तीनला संपलं. संकल्प पुरा.

पद्धत लिहून ठेवतो, पुढे इतर एक्सचेंजना उपयोगी पडेल. अकोल्याच्या ट्रंक लाइनचा जुना नंबर २२, नवा १. म्हणून बाविसाव्या भोकावर १ची पट्टी लावली. मग मागे जाऊन अकोल्याची तार बाविसाव्या भोकातून काढली आणि पहिल्या भोकात नेली. पट्टीही नवी, तारही नवी. अर्धवट काम मला जमत नाही.

पहिल्या भोकात आधी इनायतुल्ला शेठच्या कापसाच्या जिनिंगची तार होती. त्यांचा नवा नंबर ४०, म्हणून तिथे ४०ची पट्टी लावलीच होती. पण त्यांच्या तारेचा स्क्रू गंजलेला, काही केल्या सुटेना. तूर्त अकोल्याची तार त्याच स्क्रूवर गुंडाळून टाकली. सवडीने सोडवीन.

देवमन लाइनमन शिडी धरून उभा होता. विचारतो, साहेब, पट्टी बदलली, मंग तार कावून बदलून राहिले? दोनातलं एकच काहीतरी करा ना. मी सांगितलं, लाइनमनने खांबावर चढावं, तर्क करू नये. तो बरं म्हणाला. ज्या तऱ्हेने म्हणाला ते आवडलं नाही.

३० जानेवारी, सोमवार. सकाळी ११
किरकोळ अडचणी.

तहसीलदारांनी कोर्ट मागितलं, त्यांना स्मशानाशेजारची लाकडाची वखार लागली. दुर्गाबाई मास्तरीणबाईंनी तापासाठी दवाखाना मागितला, पिठाची चक्की लागली. चक्कीवाला म्हणाला, घेऊन या, उभ्या उभ्या करून देतो. दोष यंत्राचा नाही, लोकांना नंबर सांगायची सवय नाही.

दुपारी २
१ नंबरमध्ये प्लग घालून अकोल्याला बोलावलं. शांत. पन्नास वेळा दांडी फिरवली. शांत. म्हणजे अकोल्याची लाइन वाटेत कुठेतरी तुटली. माझ्याकडून काही झालेलं नाही. देवमनला लाइनीने पायी अकोल्यापर्यंत धाडलं, एकेक खांब तपास म्हणून. तो बोर्डाकडे बोट दाखवून काही सांगणार होता. मी त्याला भाकरी बांधून घे म्हटलं.

दुपारी ४
४० नंबरचं झाकण सारखं खाली पडतं. कोणी दांडी फिरवली की त्या नंबरचं झाकण पडतं, हे तर शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे इनायतुल्ला शेठ बोलावतायत. तक्रार असणार. मागच्या महिन्यात कॉल उशिरा लागला तर मला म्हणाले होते, साहब, एक दिन आके तुमारा बोर्डच उचलून नेतो. सहा फुटी माणूस. नेईलही.

उत्तर दिलं नाही. पडलं झाकण. वर केलं. पुन्हा पडलं. असं अकरा वेळा. शेवटी खळ लावून त्यावर कागद चिकटवला. आता शांत आहे.

दर वेळी ते पडलं की मी स्टुलासकट मागे सरतो, ते मात्र खरं.

३१ जानेवारी, मंगळवार
घाबरण्यासारखं काही नाही.

सकाळी दहाला शेठ स्वतः आले. बरोबर मुनीम. हातात कागदात गुंडाळलेलं जड पुडकं. दगड असावा. मी फाटकाला आतून कुलूप घातलं आणि बॅटरीच्या खोलीत जाऊन बसलो. बॅटऱ्यांचं पाणी तपासायचं होतंच. अर्धा तास हाका मारत होते. आम्ल हातावर उडालं.

अकोला अजून मुकं, आणि अमरावतीचा कॉलही अकोल्यावरूनच येणार. अमरावतीचं काय होत असेल? ट्रंक लागली नाही तर सासरे तार करतीलच. माणूस शहाणा आहे. तारघर समोरच आहे. खिडकीतून विचारलं. तार नाही.

तार नाही म्हणजे काही झालेलं नाही. किंवा असं झालंय की तारेत लिहवत नाही.

१ फेब्रुवारी, बुधवार
शेठ पुन्हा. आता बरोबर सात-आठ माणसं. तहसील कचेरीतले दोघं ओळखले. पुडकंही मोठं. सगळे हसत होते. लोक मारायला येतात तेव्हा आधी हसतात, असं ऐकून आहे.

दुपारी दुर्गाबाई मास्तरीणबाई आल्या. फाटकातून काहीतरी लहानसं लाल कापड वर धरून हलवत होत्या. बाईंचा स्वभाव गरीब, पण बाई लाल निशाण घेऊन आल्या म्हणजे प्रकरण मोर्चापर्यंत गेलं. कानात कापूस घातला. इथे कापसाला तोटा नाही.

निश्चय: उद्या सकाळी सातच्या आत सगळा दोष शोधायचा. सर्क्युलर पुन्हा वाचलं. त्यात चूक नाही. माझा तक्ता पुन्हा तपासला. त्यातही नाही. दोन्ही बरोबर असताना टेलिफोन चुकतात, म्हणजे दोष टेलिफोनांचा.

तीन दिवस फुटाण्यांवर. शकुन असती तर ओरडली असती.

२ फेब्रुवारी, गुरुवार
सातचे अकरा झाले. सहा तारा बदलून पाहिल्या. आता चक्कीला पोलीस लागतात.

भीती वाटते. इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. साहेबांची वाटते, शेठची वाटते, पण त्या दोन्ही भीतींना तोंड आहे. तिसरीला नाही. मागच्या वेळी, आधीच्या एक्सचेंजमध्ये, मी असाच बोर्डावर बसलो होतो, झाकण पडलं, मी हसत प्लग घातला आणि सासऱ्यांचा आवाज आला. तेव्हापासून झाकण पडलं की हात आधी मागे जातो. असा माणूस एक्सचेंजचा सुपरवायझर आहे.

तार लिहिली: शकुन कशी आहे, ताबडतोब कळवा. खिडकीपर्यंत गेलो. परत आलो. फाडली. विचारलं तर उत्तर येईल.

संध्याकाळी फाटकाशी ढोलकी वाजली. पाहिलं नाही.

३ फेब्रुवारी, शुक्रवार
दुपारी एकला मागची भिंत चढून देवमन आत आला. मागोमाग नियाजभाई. साठीला टेकलेला माणूस भिंतीवरून! फाटकाला कुलूप लावणाऱ्याचं नाव दोघांनीही काढलं नाही.

देवमन म्हणाला, साहेब, एकही खांब हालला नाही. लाइन सरळ अकोल्यापर्यंत जिती हाये. तिथचा ऑपरेटर मलेच शिव्या देऊन राहिला, की सोमवारपासून तुमच्या गावाले रिंग देतो तर जिनिंगचा मुनीम उचलते. देवमन तिथून माझ्या परवानगीशिवाय मोटारीने तेल्हाऱ्याला गेला आणि नियाजभाईंना घेऊन आला. याबद्दल त्याला लेखी खुलासा मागायला हवा. मागणार नाही.

नियाजभाईंनी बोर्ड पुढून पाहिला, मागून पाहिला.  ४० नंबरवरचा कागद नखाने सोलला. झाकण लगेच पडलं. त्यांनी प्लग घातला. अकोला.

पाच दिवस अकोला त्या कागदाखाली होतं. शेठ नव्हतेच. म्हणजे शेठही होते आणि अकोलाही, एकाच स्क्रूवर. बाहेरगावचा प्रत्येक कॉल जिनिंगमध्ये वाजत होता, आणि रुईच्या गाठी सोडून मुनीम निरोप लिहून घेत होता.

मी नियाजभाईंना विचारलं, अमरावतीचा काही होता का?  ते म्हणाले, ते शेठलेच पुसा साहेब, उघडा आता फाटक.

शेठ आत आले. मी टेबलामागे उभा राहिलो. त्यांनी पुडकं टेबलावर ठेवलं, उघडलं. बर्फी. म्हणाले, शेषराव साहब, ये चौथी बार लाया. पहिली तीन वाट पाहून पाहून आमीच खाल्ली. सोमवारी दोपहर को तुमच्या ससुरजीचा फोन आला. बेटी झाली. माँ-बेटी दोघी चांगल्या हायेत. मैंने बोला, फिकर मत करो, साहब को अभी बताता.

मी खाली बसलो. स्टुलावर बसायचं होतं, ते तिथे नव्हतं. देवमनने उठवलं. रडलो की हसलो, नक्की सांगता येत नाही. सगळं गाव बघत होतं. मास्तरीणबाईंनी लाल टोपडं हातात दिलं. रविवारपर्यंत अजून एक विणते म्हणाल्या.

मुलगी. चांगली आहे. दोघी चांगल्या आहेत. चार दिवसांची झाली. पाचवी झालीसुद्धा असेल.

४ फेब्रुवारी, शनिवार
रात्रीतून नियाजभाई आणि देवमनने सगळ्या तारा जुन्या भोकात नेल्या. गंजलेला स्क्रू नियाजभाईंनी दोन थेंब गोडेतेल टाकून सोडवला. पट्ट्या नव्याच ठेवल्या. म्हणजे सर्क्युलरही पाळलं गेलं. हे मी रविवारी सकाळी नऊपर्यंत करू शकलो असतो.

डिव्हिजनल साहेब अकराला आले. चार नंबर मागितले, चारही लागले. शेरा लिहिला: नवी पद्धत सुरळीत, सुपरवायझरची मेहनत दिसते. मी नियाजभाईंकडे पाहिलं नाही. सही झाली.

साहेब गेल्यावर अमरावतीला ट्रंक मागितली. सासऱ्यांच्या शेजारच्या दुकानात टेलिफोन आहे. दहा मिनिटांनी सासरे आले. काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं. मी म्हटलं, मामा, फार आनंद झाला, इथे एक्सचेंज बंद होतं, मला कालपर्यंत कळलंच नाही.

 ते म्हणाले, जवाईबापू, बंद कसं म्हनता? आमी सोमवारी लावला तं दोन मिनिटांत लागला. इतका लवकर कधीच लागला नव्हता. तिकडच्या मानसानं सांगितलं की साहेबाले आत्ताच सांगतो. मी शकुनले तसंच जाऊन सांगितलं.

मी विचारलं, ती काय म्हणाली?

म्हणाले, पहिले दोन दिवस दारातच पाहून राहिली. परवापासून बोलतच नाही. आईले म्हने, पोरगी झाली म्हनून आले नाहीत.

मी म्हटलं, नाही हो मामा, तसं नाही, स्क्रू गंजला होता. ते म्हणाले, काय गंजला होता?

तेवढ्यात ट्रंकची तीन मिनिटं संपली. नियाजभाईंनी मध्ये येऊन विचारलं, साहेब, वेळ वाढवून देऊ का?

मी नको म्हणालो.