घर लवकर विकायचं असेल तर

९ नोव्हेंबर, सोमवार दुपार

प्रिय धाकटीस,

अनेक आशीर्वाद. आम्ही खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. तुझे गुडघे कसे आहेत?

तुझ्या लेकीचा फोन आला होता. तुम्ही तुझ्या सासऱ्यांचं बंद घर विकायला काढलंय आणि वर्षभर गिऱ्हाईक फिरकलेलं नाही, असं म्हणाली. आमचं गेल्या आठवड्यात विकलं गेलं. म्हटलं, दोन वर्षांनी का होईना, थोरलीने धाकटीला काहीतरी उपयोगाचं सांगावं.

आमच्या एजंटबाई हुशार. घरभर फिरून म्हणाल्या, "निम्मं सामान हलवा. फोटो उतरवा. भिंती पांढऱ्या करा. गळका नळ, कुरकुरणारं दार, काही ठेवू नका. आलेल्या माणसाला तुमचं नाही, स्वतःचं घर दिसलं पाहिजे." मी सगळं केलं. पडदे धुतले, न्हाणीघराच्या फरश्या जुन्या टूथब्रशने घासल्या, बत्तीस वर्षांचा पसारा शेजाऱ्यांच्या गॅरेजात नेऊन टाकला. कंबरेचा काटा ढिला झाला.

"आणि लोक येतील तेव्हा तुम्ही दोघं बाहेर जा," असंही त्या म्हणाल्या. मग चारदा आम्ही लायब्ररीसमोरच्या बाकावर जाऊन बसलो. चौथ्यांदा परत आलो तर हे उंबऱ्यातच थांबले.

"कुणाकडे आलोय आपण?"

"घरी आलोय."

"आपल्या घरी माझी खुर्ची आहे," म्हणाले, आणि बाहेरच्या पायरीवर बसले. दोन तास. मीही शेजारी बसले. शेवटी शेजाऱ्यांना हाक मारून गॅरेजातून खुर्ची आणली, तेव्हा कुठे आत आले.

हे मी तुला लिहिणार नव्हते. नुसतं नळाचं आणि पडद्यांचं लिहून पाकीट बंद करणार होते.

दुसऱ्या दिवशी मी सगळंच परत आणलं. रेडिओ, फोटो, यांची हत्यारांची पेटी. एजंटबाईंनी कपाळाला हात लावला. "ताई, घर विकायचंय की नाही तुम्हाला?" मी फोटो टांगत राहिले.

त्याच पसाऱ्यात एक जोडपं ठरल्या वेळेच्या तासभर आधी येऊन ठेपलं. मी स्वयंपाकघरात होते. दार यांनीच उघडलं आणि घर दाखवायला लागले. पस्तीस वर्षं वायरमनचं काम केलेला माणूस, बैठकीच्या खोलीआधी त्यांना मीटरपाशीच नेलं. तिथे प्रत्येक बटणाखाली यांच्या अक्षरातली चिठ्ठी आहे: वरची खोली, पंप, मागचा दिवा. कुठली खिडकी अडकते, पावसाचं पाणी कुठल्या कोपऱ्यातून झिरपतं, तेही सांगून टाकलं.

"काका, हे वायरिंग तुम्ही केलंत?" त्या माणसाने विचारलं.

"छे, इथल्या मालकाने. कामाला पक्का होता. बायको जरा तापट, पण घर नेटकं ठेवायची."

मी दारात उभी होते. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "मालक हेच. यांना विसरण्याचा आजार झालाय." परक्यांपुढे म्हणाले, धाकटे, आणि पहिल्यांदाच म्हणाले. त्या बाईने खुर्ची पुढे ओढून यांना बसवलं आणि विचारलं, "अजून काय काय करायचा तो मालक?" अर्धा तास ऐकत बसली.

त्यांनी घर घेतलं. झिरपतं कुठे ते आपणहून सांगणारं घर पहिल्यांदाच पाहिलं, म्हणाले. तेव्हा पांढऱ्या भिंतींचं फार मनावर घेऊ नकोस.

आता माझं ऐक. तुझ्या लेकीच्या लग्नात तू मला बाजूला घेऊन म्हणालीस, "भाऊजींनी मला एकच गोष्ट तीनदा विचारली. डॉक्टरांना दाखव." मी म्हणाले, "माझ्या संसारात खोट काढल्याशिवाय तुला चैन पडत नाही," आणि न जेवता निघाले. मग तुझे फोन उचलले नाहीत. खरं तर तोवर मलाही दिसत होतं. वर्षभर दिसत होतं. वेळेवर आणलं असतं तर कदाचित थोडं लांबवता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. हे कुणालाच सांगितलेलं नाही.

जिना झेपत नाही म्हणून घर विकलं, असं सगळ्यांना सांगते. पण तळमजल्यावरची जी जागा घेतली आहे ती तुझ्या गावात आहे, तुझ्यापासून दोन गल्ल्यांवर. तुला न विचारता घेतली. तीस तारखेला सकाळी टेम्पो येईल. हे तुला ओळखतील असं धरून चालू नकोस. जमलं तर दोन तास यांच्याजवळ येऊन बस. मला सामान लावायचंय, असं लिहिणार होते. खरं म्हणजे मला झोपायचंय.

नाही आलीस तरी रागावण्याचा हक्क माझ्याकडे उरलेला नाही.

फार दमलेली,
तुझी ताई