पितळ ते पितळ

शोटो, माँटाना
१८ जुलै १९९६

प्रिय मॅव्हिस,
स. न. वि. वि.

तुझा रुबार्बचा मुरंबा पोचला. अर्धी बरणी शेजारच्या क्लाइडने चाटूनपुसून संपवली. इकडे गवताची कापणी चालू आहे. दुपारभर त्या वासाने डोळे मिटतात, आणि मिटले की अल्मा मागच्या दाराशी उभी दिसते, हाताला पीठ. तुझ्या बहिणीला जाऊन ऑक्टोबरात दोन वर्षं होतील.

खबर अशी, की एकोणतीस वर्षं अर्ज केल्यावर यंदा सोडतीत डोंगरी मेंढ्याच्या शिकारीचा परवाना लागला. एकच नर, जन्मात एकदा. पण मी तो परत धाडणार आहे. माझा हात गेला, मॅव्हिस. शंभर यार्डांवर पाच गोळ्या मी एका नाण्याखाली झाकायचो, हे तुला ठाऊक आहे. आता त्याच रायफलीतून पाच गोळ्या बशीभर पसरतात. काडतुसं अजून घरीच भरतो. दारू कणाकणाने ताजव्यावर तोलतो, गोळी दरवेळी तेवढीच आत बसवतो. सगळं तेच आहे, म्हणजे बदललो मीच. जखमी जनावर कड्यावर तडफडत सोडून यायचं पाप मला नको. क्लाइड म्हणतो चष्मा बदल. क्लाइड मुरंबा खाण्यापुरताच शहाणा.

मुरंब्याइतकीच माया पाठवत जा.
तुझा,
हार्लन

ओगलाला, नेब्रास्का
२७ जुलै १९९६

प्रिय हार्लन भाऊजी,
सा. न. वि. वि.

हात गेला म्हणे! नाचता येईना म्हणून अंगणाला वाकडं म्हणणारे पुष्कळ पाहिले. तुमचं अंगणच वाकडं, आणि तुम्ही पायांना बोल लावताय.

ताईने सगळं मला पत्रांतून लिहिलं होतं, आणि तुम्हाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती. ती आज मोडते. रागावली तर वर गेल्यावर पाहून घेऊ. तुम्ही गुरांमागे गेलात की ती तुमचा ताजवा काढून खिडकीपाशी बसायची आणि काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या एकेक करून तोलायची. तुम्ही नुसती दारू तोलता. पुंगळी जड असली की तिची भिंत जाड, आत जागा कमी. मग दारू तेवढीच घातली तरी जोर वेगळा लागतो आणि गोळी वर नाहीतर खाली जाते. हे तिने कुठल्याशा मासिकात वाचून तुम्हाला सांगितलंही होतं. तुम्ही हसलात, म्हणालात पितळ ते पितळ, तू आपला केक बघ. ती पुन्हा बोलली नाही. सारख्या वजनाच्या पुंगळ्या तुमच्या डब्यात ठेवायची, वेगळ्या निघतील त्या नाताळात मला पाठवायची. माझ्या ओसरीवर त्यांची माळ आहे. वारा आला की ती किणकिणते, आणि मला वाटतं ताई आत भांडी आवरतेय. तुम्ही मात्र पुंगळ्या पळवणाऱ्या उंदराला शिव्या घालत बसलात.

ती गेल्यापासून तुमच्या डब्यात सगळी भेसळ झालीय, दुसरं काही नाही. आता बसा तोलत. परवाना परत धाडलात तर माझ्याशी गाठ आहे.

राग लोभ दोन्ही असू द्यावा.
तुमची मेव्हणी,
मॅव्हिस

शोटो
२४ सप्टेंबर १९९६

प्रिय मॅव्हिस,
स. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस ताजव्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी खिडकीपाशी बसलो. पितळेवरून ऊन छतावर पडत होतं आणि हलत होतं. संध्याकाळपर्यंत तीनशे पुंगळ्यांचे सात ढीग झाले. एका ढिगातली वीस काडतुसं भरून झाडली. गोळ्या जवळ आल्या, पण नाण्याखाली नाहीत, कपाच्या तोंडाएवढ्या. थोडा दोष हाताचाही आहे, तो कबूल करतो.

म्हणून ठरवलं, की लांबून मारायची मिजास सोडायची. सप्टेंबरात डोंगरावर गेलो, आणि चौथ्या दिवशी धुक्यात मेंढा दिसला. पोटावर सरपटत चाळीस पावलांवर गेलो, दोन तास लागले. चघळण्याचा आवाज ऐकू येत होता. एकच गोळी झाडली. तो गुडघे मुडपून बसला, जसा दमून बसावा. त्याला काही कळलंही नसेल.

मग मी तिथेच रडलो. मेंढ्यासाठी नाही. त्याच्याजवळ जायला मी दोन तास पोटावर घासत गेलो, आणि अल्मा टेबलापलीकडून काही सांगत होती तेव्हा मी नुसती मान वर केली असती तरी पुरलं असतं. बेचाळीस वर्षं गावभर माझ्या हाताचं कौतुक झालं. तिने ते ऐकून घेतलं, कुणापाशी एक अक्षर बोलली नाही.

मांसाचा वाटा क्लाइडच्या गाडीने पाठवतोय. तिच्या पत्रांत तिने आणखी काय काय लिहिलं असेल ते मला सगळं उतरवून पाठव, केकबद्दलचंसुद्धा. या खेपेला मी हसणार नाही.

तुझा,
हार्लन