वकीलसाहेबांचा डावा खांदा

२ मार्च, सोमवार
समोर तयार कपड्यांचं चार मजली दुकान उघडलं. म्हणे चाळीस देशांत यांची दुकानं आहेत आणि सगळीकडे तेच शर्ट, तेच रंग. हसू आलं. चाळीस देशांतली पोटं एकसारखी असतात का? सत्तावीस वर्षं शिवतोय, जुळ्या भावांची मापंसुद्धा सारखी निघाली नाहीत. ही काजं करत होती. म्हणाली, गर्दी बघा जरा. म्हटलं, ती एसीची गर्दी आहे, महिन्याभरात ओसरेल.

५ मार्च, सकाळ
निर्धार दोन. समोर बघायचं नाही. कबूल केलेल्या तारखेला कपडा तयार ठेवायचा.

दुपार
बघितलं. रांग आहे. दुसरा निर्धार उद्यापासून, कारण आजचा वेळ रांग मोजण्यात गेला.

११ मार्च
शत्रूचा अभ्यास करायला आत जाऊन आलो. शर्ट उलटा करून टाके तपासले. बटण दोन धुण्यांत निखळणार. तिथल्या विक्रेतीला तसं सांगितलं. ती म्हणाली, काका, तोवर नवा स्टॉक येतो, दर पंधरा दिवसांनी येतो. मला चोख उत्तर सुचलं, पण घरी आल्यावर.

१९ मार्च
आनंदाचा दिवस. सहा गिऱ्हाइकं. सगळे समोरच्या पँटी घेऊन, आखूड करायला. म्हणजे शत्रूचं माझ्यावाचून अडतं. हिला सांगितलं, तर म्हणे नवीन शिवायला कोणी आलं का. हिला दूरचं दिसत नाही. पँटी हिनेच केल्या. मी भेटवस्तू द्यावी का या विचारात होतो, म्हणजे जुन्या गिऱ्हाइकांना.

२८ मार्च
वकीलसाहेब अजून आले नाहीत. दरवर्षी मार्चअखेर कोट शिवतात. त्यांचा डावा खांदा दीड बोट उतरता आहे. तो उतार जगात एकट्या मला ठाऊक. कामात असतील.

४ एप्रिल
वकीलसाहेब रस्त्यात दिसले. अंगात समोरचा कोट. खांद्याची शिवण दंडावर, बाह्या बोटांपर्यंत. धावत गेलो. म्हटलं, साहेब, तुम्हाला फसवलं, द्या इकडे, नीट करतो. ते म्हणाले, मास्तर, हल्ली असंच ढगळ घालतात. माझा मुलगा परदेशात हाच घालतो. परवा व्हिडिओ कॉलवर बघतो, तर दोघांच्या अंगात एकच कोट. खूश होते.
त्या ढगळ कोटात खांद्याचा उतार दिसतच नव्हता. हे लिहायला नको होतं.

९ एप्रिल
समोर बोर्ड लागला. अल्टरेशन मोफत, कारागीर पाहिजे. आले शेवटी शरण. सल्लागार म्हणून जाईन, नोकर म्हणून नाही. अटी: बसायला खिडकीजवळची जागा, आणि युनिफॉर्म घालणार नाही. उद्या हिला सोबत नेतो. नमुने धरायला कोणीतरी हवं.

१० एप्रिल
मॅनेजर आमच्या मुलीएवढी. तिला अर्धा तास मापाचं शास्त्र समजावलं. ती म्हणाली, काका, इथे माप घ्यायचं नसतं, फक्त खालून कापून शिवायचं. मग तिने आमच्या नमुन्याची पँट उलटी करून विचारलं, ही हातशिलाई कोणाची.
मी घसा साफ करत होतो. तेवढ्यात ही म्हणाली, माझी.

१३ एप्रिल
हिला ठेवून घेतलं आहे. तात्पुरतं असावं. मीच परवानगी दिली. आतली बातमी मिळत राहील. (ही म्हणते, परवानगी मागितली कोणी.)

२० एप्रिल
नऊला ही निघाली. काळा टी-शर्ट, छातीवर कंपनीचं नाव. जाताना म्हणाली, अहो, पँट आखूड करायला कोणी आलं तर घेऊ नका, ते आम्ही फुकट करून देतो.
‘आम्ही’ म्हणाली.
साडेअकराला एक जण पँट घेऊन आला. समोर पाठवला.