बाबुन्याचं विरजण

तिरोडा, शुक्रवार, १८ मार्च १९५५

श्रीयुत गोवर्धनभाऊंना त्यांच्या तिरोड्याच्या जावयाचा, म्हणजे दुधरामचा, दोन्ही हात जोडून रामराम.

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. सासूबाई सावित्रीबाईंचे गुडघे कसे आहेत ते कळवावं. मोहाचं तेल जिरवून लावत असतील तर कोमट करूनच लावावं, नागपूरला थंड लावतात असं ऐकलं. तुमचा खोकला गेला असेल. तुमच्या घरी गेल्या सोळा दिवसांपासून जी पाहुणी मंडळी उतरलेली आहेत त्यांची प्रकृती मी विचारत नाही. ती चांगलीच असणार. होळीसुद्धा तिकडेच झाली, तेव्हा पुरणपोळीही झाली असेल. आमच्याकडे आईने भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण केलं आणि दिवसभर माझ्याशी एक शब्द बोलली नाही. पण त्याविषयी हे पत्र नाही.

हे पत्र धंद्याविषयी आहे. तुमच्या औषध कंपनीने मला बाबुन्याचा (साहेब लोक ज्याला कॅमोमाइल म्हणतात त्याचा) अर्क पुरवण्याचं काम दिलं ते केवळ तुम्ही तिथल्या प्रयोगशाळेत आहात आणि मॅनेजरसाहेबांपुढे माझ्यासाठी शब्द टाकलात म्हणून. हे मी विसरलेलो नाही. अर्क पसंत पडला तर पाच वर्षांचा करार, नापसंत झाला तर करार नाही आणि तुमच्या शब्दाला कंपनीत यापुढे कोणी विचारणार नाही. इतकं सगळं माझ्या डोक्यावर असताना मला तुमच्याकडून एक लहानशी वस्तू पाहिजे आहे. ती कोणती ते सांगण्याआधी झालेला प्रकार सांगणं भाग आहे, कारण आमच्या मंडळींनी तो तुम्हाला त्यांच्या बाजूने सांगितलेला असणार.

बाबुन्याची रोपं तुम्ही पाठवलीत तेव्हा धान नुकतंच निघालं होतं आणि धानाच्या बांध्या, म्हणजे शेतं, मोकळ्या होत्या. आता आमच्या सात पिढ्या धानाच्या. रोप म्हटलं की रोवणा, आणि रोवणा म्हटलं की चिखल, हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. मी बोडीच्या तळ्याचं पाणी सोडलं, चिखल केला, आठ बाया लावल्या आणि दीड दिवसात बाबुना असा ओळीत रोवला की पाहणाऱ्याने थांबून पाहावं. बायांनी रोवण्याची गाणीसुद्धा म्हटली (आठही जणींनी, डिसेंबरच्या थंडीत, पोटऱ्याभर पाण्यात). आमच्या घरून तेवढं एक वाक्य आलं होतं, "फुलझाडाले चिखल कायले पायजे?" मी म्हटलं, शेतीतलं तुला काय कळतं. पाचव्या दिवशी सगळा बाबुना पाण्यावर आडवा झाला. उरला तो घरामागच्या वाडीतला, कारण आमच्या घरच्यांनी मला न विचारता दोन टोपल्या रोपं कोरड्या मातीत वांग्याशेजारी लावून ठेवली होती. त्याच रोपांपासून पुढे सगळं पीक वाढवलं. हे मी तेव्हा कोणाला बोललो नाही. आता तुम्हाला सांगतो, तुमच्यापुरतं ठेवा.

फुलं आली तेव्हा मात्र तुम्हाला दाखवावंसं वाटलं. पांढऱ्या पाकळ्या, मध्ये पिवळी बोंडी, आणि वाडीत शिरलं की सफरचंदासारखा वास (सफरचंद मी एकदाच खाल्लं आहे, तुमच्याकडेच, तेव्हा चूकभूल द्यावी). तुम्ही लिहिल्याप्रमाणे फूल उभं चिरून पाहायचं, बोंडी आतून पोकळ असेल तर खरा बाबुना, भरीव असेल तर दुसरंच गवत. गावात ही गोष्ट पसरली आणि लोक गंमत पाहायला यायला लागले. बकारामबुवा, आमचे शेजारी, म्हणाले की आतून पोकळ असून कंपनी पसंत करत असेल तर मला स्वतःलाच पाठवून दे. मी हसलो नाही. घरातून हसण्याचा आवाज आला.

फुलं तोडायची, चिरून पाहायची, सुपात पाखडून देठ आणि माती काढायची, माळ्यावर सावलीत सुती लुगड्यावर पातळ पसरून वाळवायची, ही सगळी कामं आमच्या घरच्यांनी आपल्याकडे घेतली होती. मी वरच्या कामावर होतो, म्हणजे परवान्याच्या स्पिरिटचा डबा कुलपात ठेवणं, कुलपाची किल्ली सांभाळणं आणि बकारामबुवांना त्या कुलपापासून लांब ठेवणं. वाळलेली फुलं पिंपात घालून त्यावर स्पिरिट आणि पाणी ओतलं, आठवडाभर मुरू दिलं, फडक्यातून पिळून गाळलं आणि पहिला पिंप तयार झाला. रंग तपकिरी. आता तुमच्या कंपनीने पाठवलेल्या नमुन्याच्या बाटलीशी तो ताडून पाहायचा होता. रंग, वास, बशीत आटवून मागे उरणारा चिकटा, सगळं त्या बाटलीसारखं असलं पाहिजे, असं तुम्ही बजावून लिहिलं होतं. ती छटाकभराची बाटली मी देव्हाऱ्यात ठेवली होती.

एक मार्चला मला गोंदियाला जायचं होतं. जाताना मी ती बाटली घरच्यांच्या हातात दिली आणि म्हटलं (माझे शब्द मला जसेच्या तसे आठवतात, आईलाही आठवतात आणि ती ते रोज म्हणून दाखवते), "पिंपातला अर्क अगदी या बाटलीसारखा झाला पाहिजे, तेवढं पाहून घे." संध्याकाळी परत आलो तर बाटली धुऊन पालथी घातलेली. मी विचारलं, नमुना कुठे? म्हणाली, पिंपात. मी विचारलं, पिंपात कसा? तिने मला जे उत्तर दिलं ते मी इथे मुद्दाम तिच्याच शब्दांत लिहितो. "तुमीच तं म्हनले, याच्यावानी झाला पायजे. दुधाचं दही करा लागते तं दह्याचंच विरजण टाकतो का नाही आपन? मी चमच्यानं चांगला ढवळला बी."

भाऊ, तुम्ही शास्त्र शिकलेले आहात. तुम्हाला हसू येत असेल. मला त्या वेळी आलं नाही. साऱ्या तालुक्यात त्या नमुन्याची एकच बाटली, ती तुमच्या जबाबदारीवर आलेली, आणि ती विरजण म्हणून गेली. मी बोललो. काय बोललो ते सविस्तर लिहीत नाही. फुलं तोडणाऱ्या बाया अंगणात बसल्या होत्या, त्यांच्यासमोर बोललो, आणि जरा मोठ्याने बोललो. शेवटी असंही म्हणालो की तुला माहेरी दही लावण्यापलीकडे काही शिकवलं नाही. आई आतून आली आणि म्हणाली, "काऊन बोंबलून राहिला रे? तिनं का जहर टाकलं का?" तोपर्यंत ट्रंक भरायला सुरुवात झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरने मंडळी नागपूरला. मी स्टेशनवर गेलो नाही. गाडी तिरोड्याला दोनच मिनिटं थांबते, उगाच धावपळ कशाला करायची.

असो. काम थांबवता येत नव्हतं. वाडीत फुलं होतीच. दुसऱ्या पिंपाची सगळी व्यवस्था मी स्वतः पाहिली. माळ्यावर एवढ्या वेळा चढउतार कोण करणार, म्हणून गोंदियाचे आपले चुन्नीलालजी, तांदळाचे दलाल, त्यांच्या विडीच्या गोदामातला रिकामा पोटमाळा मागून घेतला आणि फुलं गाडीने नेऊन तिथे जाडसर पसरली. दोन दिवसांत वाळली. वाळताना मी स्वतः दारात बसून पहारा केला. पाखडायचं काम मी दोन बायांना दिलं होतं, पण त्यांना पोकळ कोणतं आणि भरीव कोणतं ते दाखवणारं घरात कोणी नव्हतं, आणि मला चिरलेली सगळी फुलं सारखीच दिसायला लागली होती.

आता नमुना नाही, तर ताडून पाहायचं कशाशी? मी पंच बसवले. बकारामबुवा (तपकीर ओढतात म्हणून नाक तयार), चुन्नीलालजी (चाळीस वर्षं माल पारखतात म्हणून) आणि आमची आई (कारण ती स्वतःच येऊन बसली). दोन्ही पिंपांतला अर्क दोन वाट्यांत ठेवला. चुन्नीलालजींनी आपल्या सवयीप्रमाणे अर्क तळहातावर घेतला, अंगठ्याने चोळला, उजेडाकडे धरला, दाताखाली घातला आणि दुसऱ्या पिंपाविषयी म्हणाले, "माल पुराना है दुधरामजी, बढ़िया है. टुकड़ा बिलकुल नहीं." पातळ अर्कात तांदळाचा तुकडा कुठून असणार, हे विचारायचं माझ्या मनात आलं होतं, पण आपला निकाल चांगला लागत असताना मध्ये कोण बोलतो. बकारामबुवांनी वास घेण्याऐवजी चव घेतली. एका घोटात चव कळत नाही असं त्यांचं मत पडलं. वाटी संपल्यावर ते म्हणाले की दोन्ही उत्तम आहेत पण खात्रीसाठी पुन्हा पाहायला पाहिजे, आणि तिथेच दारात जुंपून ठेवलेल्या बैलगाडीत आडवे होऊन झोपले. बैल जुने, धानाचे दिवस असोत नसोत, जुंपलेले असले की राइस मिलचा रस्ता धरतात. बुवांना जाग आली ती मिलच्या काट्यावर, आणि मिलवाल्याने बैलगाडीचं वजन लिहूनसुद्धा घेतलं होतं. आई एवढंच म्हणाली की पहिल्याला वाडीचा वास येतो आणि दुसऱ्याला चुन्नीलालचा. बुवांचं मत मी दुसऱ्याच्या बाजूने धरलं, आणि दोन विरुद्ध एक मतांनी दुसरा पिंप पसंत झाला. पहिला विरजणाने बिघडलेलाच होता, त्याची एक बाटली मी केवळ नियम म्हणून बरोबर ठेवली. सोमवारी दोन्ही बाटल्या पार्सलने तुमच्या कंपनीकडे रवाना केल्या आहेत.

तेव्हा विनंती एवढीच की तिसऱ्या पिंपासाठी नमुन्याची आणखी एक बाटली, मॅनेजरसाहेबांच्या नजरेस न येता, येणाऱ्या माणसाबरोबर पाठवावी. सध्या मोहाची फुलं पडायला लागल्यामुळे गावभर त्यांचाच वास आहे आणि कोणाच्याही नाकाचा भरवसा राहिलेला नाही. बाकी इकडे काही कमी नाही. सासूबाईंना नमस्कार. पाहुण्या मंडळींना काही सांगायचं नाही.

तुमचा,
दुधराम

ता. क. शनिवार संध्याकाळ. दुपारी पत्र टपालात टाकायला निघालो तर टपालवाल्याने कंपनीचा अहवाल हातात दिला. दुसरा पिंप नापसंत. तंबाखूचा वास, वाळू, देठ फार, परकी फुलं मिसळलेली, चिकटा कमी. पहिला पिंप सर्व बाबतींत पसंत, वास उत्तम, चिकटा मागितल्यापेक्षा जास्त. तुम्ही म्हणाल, कंपनीचाच नमुना ओतल्यावर पसंत पडणारच. मीही तेच म्हणत दुपारभर बसलो होतो. मग हिशेब केला. अख्ख्या पिंपात छटाकभर अर्काने काय होतं? काही होत नाही. पिंप आधीच चांगला होता. खाली साहेबांनी हाताने लिहिलं आहे की पहिल्या पिंपाची फुलं ज्या व्यक्तीने निवडली आणि वाळवली, पुढच्या प्रत्येक पिंपावर तिचीच सही असावी, करार त्या अटीवर. ही व्यक्ती म्हणजे मीच असं त्यांना वाटत असावं. तुम्ही त्यांना अजून काही सांगू नका. बाटली पाठवायची गरज नाही.

ता. क. दुसरा. रविवार. परवा "काही कमी नाही" असं लिहिलं ते खोटं आहे. आईने आज माझं ताट वाढून ठेवलं आणि समोरच्या रिकाम्या पाटाकडे बघत बसली, म्हणून मीही तिकडेच बघत जेवलो. करार मिळाला काय आणि गेला काय, प्रेमिला घरात नसेल तर मला त्या फुलांकडे बघवत नाही. चूक माझी होती. चिखलातही माझीच होती. बायांसमोर बोललो होतो, तेव्हा बायांसमोरच कबूल केलं, आज सकाळी, अंगणात. त्या हसल्या. एकीने विचारलं, हे बाईंना कळवलं का? नाही, म्हटलं. तर म्हणाली, "मंग आमाले कायले सांगून राहिले?"

ता. क. तिसरा. सोमवार, अकरा वाजता. हे पत्र टपालात पडलेलं नाही. तुमच्याच घराच्या पायरीवर बसून या शेवटच्या ओळी लिहितो आहे. भाऊ, या वेळी तुम्ही कंपनीत असता हे मला ठाऊक आहे, आणि सासूबाईंना अक्षर लागत नाही, म्हणजे दाराखालून सरकवलेलं पत्र त्यांना कोण वाचून दाखवेल तेही ठाऊक आहे. पत्रावर नाव तुमचं घातलं, कारण तिच्या नावाने लिहायला बसलो की पहिल्या ओळीच्या पुढे जाता येत नव्हतं. परतीची गाडी चारला आहे. तिरोड्याची दोन तिकिटं काढली आहेत. प्रेमिला, दार उघडलं नाहीस तरी मी तीनपर्यंत इथेच आहे. नंतर एक तिकीट परत करावं लागेल, आणि खिडकीवरच्या बाबूने का म्हणून विचारलं तर मला त्याला सांगता येणार नाही.