पल्लवीने उभ्या उभ्या शोधलं

मंगळवार, संध्याकाळ

आज पल्लवीचा राग येतोय, आणि तिचं काहीच चुकलेलं नाही.

आमचं ॲप ग्राहकाकडे सारखं बंद पडतंय. कुठे अडतंय ते कळेना, कारण क्रॅश रिपोर्टमध्ये कोडमधल्या फंक्शनच्या नावांऐवजी नुसते आकडे. कालपासून मी त्यातच डोकं घालून बसलो होतो. यंदाच उमरेडहून आलेली ही मुलगी माझ्या खुर्चीमागे थांबली, बसलीसुद्धा नाही. म्हणाली, "दादा, बिल्डमध्ये डीबग सिम्बॉल काढून टाकायचं सेटिंग चालू आहे न. मंग नावं कशी दिसतीन?" ते बंद केलं, नवा बिल्ड करून ॲप मुद्दाम पुन्हा बंद पाडलं, तर नावं हजर. उभ्या उभ्या! मले काहून नाही सुचलं?

त्यात पहिलंच नाव, म्हणजे ॲप जिथे अडत होतं ते, तिने लिहिलेल्या फंक्शनचं निघालं. मला आनंद झाला, इथे खोटं कशाला लिहू? ती मात्र सगळ्यांसमोर हसली. "अरे बापा, माझाच घोळ निघाला!" साहेबांसकट सगळे तिच्यासोबत हसले.

हुशारीचं एक वेळ सोडा. पण असं हसणं? ते नाव माझं असतं, तर मी आधी स्क्रीन बंद केली असती.